मच्छरदाणीची चौथी काठी

मी एक जुनी काठी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात, डोळे पुसत सांगायची असते म्हणे. ते मला जमायचं नाही. वेताची जात माझी; वाकेन, पण गप्प बसणार नाही.

जन्म तसा साधाच. एका मच्छरदाणीला चार काठ्या होत्या, त्यांतली मी चौथी. ती मच्छरदाणी होती दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरच्या घरात. त्याचं लग्न होऊन महिनाही झाला नसेल. एके सकाळी त्याने मला उपसून काढलं, एका टोकाला कापसाचा बोळा बसवला, त्यावर जुन्या मोज्याचं कापड ताणून दोऱ्याने करकचून बांधलं. झाले मी त्याची हात टेकवायची काठी. पेंटर मला डाव्या हातात आडवी धरायचा, माझं मऊ डोकं पाटीच्या कोरड्या कडेवर ठेवायचा आणि उजवं मनगट माझ्यावर टेकवून ब्रश चालवायचा. त्यामुळे हात हलत नाही आणि ओल्या रंगाला बोट लागत नाही.

त्या दिवसापासून मच्छरदाणीचा चौथा कोपरा सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेला. तो कायम लोंबायचा. पेंटरची बायको म्हणायची, "साऱ्या गावाच्या ओळी सरळ करतात, घरातला एक कोपरा काही यांच्याच्याने सरळ होत नाही." पण हसत म्हणायची.

पंचवीसेक वर्षं आम्ही काम केलं. औषधांचं दुकान, दवाखाना, शाळेचं फाटक, ट्रकच्या मागच्या फळ्या. लोक पाटीचं कौतुक करत, ब्रशचं करत, पेंटरच्या हाताचं तर करतच. माझं नाव कुणी काढलं नाही. त्याचा मला राग नाही. म्हणजे, थोडा आहे. पण या घरातलं धान्य, पायांखालची फरशी, पेंटरच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मुलीची सगळी शाळा, हे सारं माझ्यावर टेकलेल्या मनगटातून आलं, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मुलीला सगळे ठिपकी म्हणत. रांगत होती तेव्हा नाकाला निळा रंग लावून घेतला होता, तेव्हापासूनचं हे नाव. बाराव्या वर्षी तिने शिकायचा हट्ट धरला. पेंटरची एक पद्धत होती. शिकणाऱ्याला पहिले सहा महिने ब्रश द्यायचाच नाही. नुसती काठी धरायची आणि रिकामं मनगट तिच्यावरून सरकवत राहायचं. याआधी आलेले चौघे आठवड्याभरात पळाले होते. ठिपकीने सहा महिने काढले. सातव्या महिन्यात ब्रश मिळाला तेव्हा तिने श्वास रोखून हातभर लांब रेघ ओढली. पेंटर दोन पावलं मागे सरला आणि बघतच राहिला. त्याच्या कपातला चहा गार झाला. मग बायकोला म्हणाला, "अगं, ही माझ्याहून बरी निघाली."

पुढे छापील पाट्या आल्या. आमचं काम कमी झालं. बंद झालं नाही. ठिपकी एकवीस वर्षांची होती. एकाच आठवड्यात तिला दोन बोलावणी आली. एक पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून, कायमच्या नोकरीचं. दुसरं एका जुन्या नाट्यगृहातून. त्याची दुरुस्ती चालली होती आणि दारांवरची, तिकीट खिडकीवरची, खुर्च्यांच्या रांगांवरची सगळी अक्षरं हाताने रंगवायची होती. काम दोन वर्षांचं. पुढचं कुणी सांगावं? दोन्हीकडे सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

रविवारी घरात सल्ला देणाऱ्यांची जत्राच भरली. मामा म्हणाला, "कला काय, सुट्टीच्या दिवशीपण करता येते." आत्या म्हणाली, "आधी नोकरी धर गं. हात कुठे पळून जातोय?" या दोघांनी जन्मात कधी सरळ रेघ ओढलेली नाही, पण हात कुठे जातो आणि कुठे जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक! ठिपकी मात्र कुणाकडेच बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. तो फरशीकडे बघत म्हणाला, "ब्रशनं पोट भरत नाही, ठिपके."

ज्या फरशीकडे बघत म्हणाला, तीसुद्धा ब्रशनेच आणलेली होती! मी कोपऱ्यात उभी होते. मला तोंड असतं तर त्याच क्षणी ओरडले असते. कारण खरं काय ते मला माहीत होतं.

दोनच दिवस आधी, शुक्रवारी, पेंटर मला काखेत धरून कामाला निघाला होता. वाटेत एका उघड्या गटारावर फळी टाकलेली दिसली. ती फळी म्हणजे औषधांच्या दुकानाची पाटी होती. त्याची आयुष्यातली पहिली पाटी. दुकानाने छापील लावली आणि ही इथे येऊन पडली, अक्षरं वर करून. पेंटर उकिडवा बसला, रुमाल काढून एकेक अक्षर पुसायला लागला. पिशव्या घेतलेली एक बाई म्हणाली, "जरा सरका हो, पलीकडे जायचंय." तो सरकला. ती अक्षरांवर पाय देऊन पलीकडे गेली. तिची काय चूक? तिला गटार ओलांडायचं होतं. पेंटर घरी आला आणि कुणाला चकार शब्द बोलला नाही.

म्हणजे मित्रांनो, रिकामं राहिलं होतं ते त्याचं पोट नव्हे. मन दुखावलं होतं त्याचं. पण ते सांगायची लाज वाटली म्हणून त्याने पोटाचं नाव पुढे केलं. आणि मुलीने बापाचा शब्द खरा मानून सोमवारी कचेरी गाठली.

नोकरीला मी नावं ठेवणार नाही. ठिपकी चोख काम करायची. तिच्या टेबलावरून तक्रार पुढे सरकली की कुणाच्या तरी नळाला पाणी यायचं. घराला नवं छप्पर आलं, आईच्या दुखण्यावर वेळेवर इलाज झाला. पेंटरनेही ब्रश ठेवून दिला आणि मी पुन्हा मच्छरदाणीत गेले. कापसाच्या बोळ्यासकट नऊ वर्षं जाळी धरून उभी होते. डास बाहेर ठेवायचे, एवढाच काय तो पराक्रम.

मग एका शनिवारी दुपारी ठिपकी धावत आली आणि तिने मला खसकन ओढलं. मच्छरदाणी आत झोपलेल्या बापावर कोसळली. "अरे, कोण आहे? काय पडलं?" तो आतून चाचपडत होता. कचेरीतल्या खिडक्यांवरचे कागदी आकडे सारखे गळून पडायचे आणि म्हातारी माणसं चुकीच्या रांगेत तासन्‌तास उभी राहायची. "मी रंगवून देते," असं ठिपकी साहेबांना सांगून आली होती. किती दिवसांनी हसत होती!

अंगणात खुर्चीवर फळी ठेवली. माझं डोकं कडेला टेकवलं. ठिपकीने श्वास रोखला आणि रेघ ओढली. रेघ थरथरली. पुसली, पुन्हा ओढली. पाचवी रेघ तर गांडुळासारखी वळवळत गेली. तिचं मनगट माझ्यावर होतं. ते किती परकं झालंय हे मला तिच्याआधी कळलं.

"आत्या म्हणाली होती, हात कुठे पळून जातोय," ती हळूच म्हणाली.

मागे पेंटर उभा होता. मच्छरदाणी अजून त्याच्या खांद्यावरच होती. तिथेच, तशाच अवतारात, त्याने गटारावरच्या पाटीची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांनी. शेवटी म्हणाला, "मला वाटलं, तुझी अक्षरंपण उद्या कुणीतरी तुडवेल. ते मला बघवलं नसतं."

"मग तेच सांगायचं होतं ना, बाबा!" ठिपकी इतक्या मोठ्याने ओरडली की आई बाहेर आली. "पोटाचं कशाला सांगितलंत? तुडवली असती अक्षरं तर मी रडले असते आणि नवी काढली असती. नाहीतर घाबरून नोकरीच घेतली असती. पण ती मी घेतली असती!"

पेंटर पुढे आला. त्याने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. मला तिच्या हातात ठेवलं. नुसती मला.

आता रोज कचेरीतून आली की ठिपकी अर्धा तास रिकामं मनगट माझ्यावरून सरकवते. चौथा महिना चालू आहे. पुढे ती काय करील, कुठली वाट धरील, मला माहीत नाही, आणि कुणी मला विचारूही नये. ते ती ठरवील.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हालाही कुणीतरी विचारील, हे करू की ते? तेव्हा भीती वाटत असेल तर भीती म्हणा, दुखलं असेल तर दुखलं म्हणा. पोटावर ढकलू नका. आणि तुमच्या घरात एखादी काठी भलत्याच कामाला लागली असेल, तर तिला आजच काढा. हात वाट बघत नाही.

मच्छरदाणीचा चौथा कोपरा पुन्हा सुतळीला बांधलाय. आई कुरकुरते, रात्री डास येतात म्हणते. येऊ देत.