खाली उभा राहिलेला फौजी

केदारखेड्यात कडूबा फौजींना कुणी नुसतं "कसं काय?" विचारलं, तरी पाच मिनिटांत तो माणूस मनानं लेहच्या हेलिपॅडवर पोचलेला असायचा. चोवीस वर्षं त्यांनी लष्कराच्या हेलिकॉप्टरचे नटबोल्ट सांभाळले होते. एक किस्सा तर गावाला तोंडपाठ होता. मोठी दुरुस्ती झाली की पायलट म्हणायचा, "चल, बैस." ज्यानं नट आवळले त्यानंच पहिल्या उड्डाणात सोबत बसायचं, असा तिथला रिवाज. पहिल्यांदा बसले तेव्हा फौजींनी राजूरच्या गणपतीला इतके नवस बोलले, की फेडता फेडता पुढच्या दोन रजा गेल्या.

सध्या मात्र ते रुसले होते. सून तृप्ती फवारणीचा ड्रोन चालवायला शिकून आली होती, आणि गेल्या आठवड्यात तो ड्रोन पंखा निखळून शेजारच्या भुजंगच्या सोयाबीनमध्ये आपटला. कडूबा हौसेनं पाना घेऊन पुढं झाले, तर ती म्हणाली, "राहू द्या मामंजी. माझं मशीन मीच खोलते." चोवीस वर्षांच्या अनुभवाला सुनेनं चहा पाजून ओसरीवर बसवलं! फार लागलं त्यांना. तरी दोन दिवस खिडकीतून त्यांची नजर तिच्या हातांवरच होती. हात बरे होते. पण कबूल कोण करणार?

आज घरच्या कपाशीत पुन्हा चाचणी होती, टाकीत नुसतं पाणी भरून. बांधावर पंधरा-वीस शेतकरी जमले होते. आज ड्रोन पडला, तर तृप्तीला पुन्हा कुणी आपल्या रानात बोलावणार नव्हतं.

भुजंग म्हणाला, "मागल्या खेपेला माझ्या रानात पडल्ता. आता डोस्क्यात पडला मंग? गॅरंटी कोण घेऊन राह्यलं?"

तृप्तीचं तोंड उतरलं. कडूबांना राग आला, भुजंगचा आणि त्याहून जास्त स्वतःच्या रुसव्याचा. ते सरळ कपाशीत शिरले आणि मधोमध जाऊन उभे राहिले.

"मामंजी, बाजूला व्हा! खाली माणूस चालत न्हाई!"

"नट कोणी आवळले?"

"मीच."

"दोनदा तपासले?"

"तीनदा."

"मंग उडव. याच्यात बसायला जागा न्हाई, म्हणून खाली उभा राह्यलो."

"अहो, नवा सदरा हाय!" बांधावरून बायको सगुणाबाई ओरडली. कुणी लक्ष दिलं नाही.

ड्रोन उठला, घोंघावत डोक्यावर आला आणि कडूबांनी पुन्हा राजूरच्या गणपतीचं नाव घेतलं. आजवर ते बसले ते स्वतःच्या हातानं आवळलेल्या नटांच्या भरवशावर. दुसऱ्याच्या हाती जीव सोपवायची ही पहिलीच वेळ. पायलट लोक तर हे रोज करायचे, दुरुस्तीच्या वहीतली फौजींची एक सही बघून, एका शब्दानं न विचारता. केवढा विश्वास टाकला होता त्यांनी आपल्यावर! इतकी वर्षं किस्से सांगून जे कळलं नव्हतं, ते कपाशीत उभं राहून कळलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. तेवढ्यात फवारा सुरू झाला.

ड्रोन कपाशीच्या ओळीच्या टोकापर्यंत गेला, वळला आणि बांधाजवळ अलगद उतरला.

भुजंग चाचरत पुढं आला. "फौजी, उद्या माझ्या रानात बी पाठवता का?"

नखशिखांत भिजलेले कडूबा सदरा पिळत म्हणाले, "मला काय विचारतो? तिला विचार. पायलट ती हाय. अन् टेक्निशियन बी तीच."