बोटाचं टोक

आमच्या घरात जखमेचा निकाल पाणी लावतं. कुणाला काच लागली की सासरे हातातलं काम बाजूला ठेवतात, पांढरं तसराळं नळाखाली भरून आणतात आणि कापलेला हात त्यात बुडवायला लावतात. पाणी भसकन लाल झालं तर दवाखाना. हळूहळू गुलाबी होत गेलं तर चिकटपट्टी. फ्रेमच्या पाठीला लावतो तीच खाकी चिकटपट्टी, ताणून दोन वेढे, की माणूस परत टेबलापाशी. पुढे फ्रेमचं दुकान, मागे घर, मधल्या दारापर्यंत काचेचा चुरा. अशा ठिकाणी उठसूट दवाखाना कोण गाठणार? सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या हातांवर असे कितीतरी निकाल पांढऱ्या रेघा होऊन बसले आहेत. "आमच्याकडे रक्तगट विचारत नाहीत, पट्टी किती लागली ते विचारतात," असं नवरा मला लग्नाआधी म्हणाला होता. मी तेव्हा हसले होते.

काच कापायला मला सासऱ्यांनीच शिकवलं. "हिचं बोट हलकं आहे, काच हिचं ऐकते," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मग नवऱ्याकडे बघून, "नाहीतर आमचे चिरंजीव. कापतात की भांडतात, काचेलाही कळत नाही." मोठ्या, महागाच्या काचा माझ्याकडे यायच्या. गोटी झाली तेव्हाच काय ती सुट्टी. गोटी म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा डोक्यावर औषधालाही केस नव्हता. आजोबांनी उचलून घेतलं आणि म्हणाले, "अरे, ही तर गोटी!" झालं. खरं नाव कागदावरच राहिलं.

त्या दिवशी ती मधल्या दाराशी चटईवर बसून लाकडी चमचा चघळत होती. मी रॅकमधून एक उभी काच ओढली आणि तिच्या शेजारची, कोपऱ्याला तडा गेलेली, सोबत निसटली. पडती काच धरायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. पडू द्यायची आणि पाय मागे घ्यायचे. मला तो झोपेतही म्हणता येईल. पण पलीकडे चटई होती. मी हात घातला.

गोटीने चमचासुद्धा सोडला नाही.

सासऱ्यांनी तसराळं आणलं. उजव्या हाताची तर्जनी, मधल्या पेरावर, तळव्याच्या बाजूने एक बारीक चीर. इतकी सुबक की कुणी फूटपट्टी ठेवून आखावी. पाणी जेमतेम गुलाबी झालं.

"बघ, काही नाही," सासरे म्हणाले. "पडती काच धरलीस म्हणून खरं तर तुला शेरभर शिव्या द्यायला हव्यात. पण जा, आज सोडलं."

"दुखतंय का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"फार नाही," मी म्हणाले, आणि तेच मला विचित्र वाटलं. कापल्यावर चुणचुणतं तसं ते चुणचुणत नव्हतं. लागलं त्या क्षणी आत काहीतरी सुटून गेल्यासारखं झालं होतं. पायजम्याची नाडी नेफ्यात निघून जाते ना, तसं.

संध्याकाळी गोटीला आंघोळ घालताना तिच्या गळ्याच्या घडीत साचलेलं दूध पुसायला मी बोट वाकवलं. मधलं पेर वाकलं, टोक नाही वाकलं. ते तसंच ताठ राहिलं आणि तिच्या हनुवटीला टोचलं. ती हसली. तिला वाटलं गुदगुल्या. मी पट्टी काढली, पुन्हा वाकवून बघितलं. टोक ताठच.

"बाबा, हे टोक वाकत नाहीये."

"पट्टी इतकी घट्ट लावलीय, वाकेल कसं? वाकू नये म्हणूनच लावलीय."

"पट्टी काढून बघितलं."

"म्हणजे पट्टी काढलीस!" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "घ्या. आता घरात डॉक्टरीणबाई झाल्या."

सगळे हसले. मीही हसले. नवऱ्याने माझा हात दिव्याखाली धरून उलटसुलट केला. "अगं, सूज आहे. माझा अंगठा आठवत नाही? कितीतरी दिवस लाकडासारखा होता. मग आपोआप आला."

त्याचा अंगठा आला होता हे खरं होतं. त्या दोघांनी जितक्या जखमा पाहिल्या होत्या तितके दिवस मी त्या घरात राहिले नव्हते. माझ्याकडे होतं काय? एक नाडी सुटल्याची भावना आणि बाळाच्या गळ्याची एक घडी. हे कुणाला पुरावा म्हणून दाखवणार? त्यात गोटीला दात येत होते. दिवसभर तिची रडारड, दुकानात लग्नाच्या फोटोंची घाई. सूज असेल, मी स्वतःला म्हणत राहिले. मनात मात्र दुसरंच कुणीतरी शांतपणे म्हणत होतं की ही सूज नाही. ते ओरडत नव्हतं, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत होतं.

जखम सुरेख भरली. सासऱ्यांनी ती एका गिऱ्हाइकाला दाखवलीसुद्धा, स्वतःची कारागिरी असल्यासारखी. सूज उतरली. मग एके दिवशी गोटीच्या वाटीतल्या वरच्या दुधात सवयीने ते बोट बुडवलं आणि दूध कोमट आहे की कढत ते मला कळेना. बोटाची अंगठ्याकडची बाजू मुकी झाली होती. टोक अजूनही ताठ होतं.

"उद्या मी हाताच्या डॉक्टरकडे जातेय," मी नवऱ्याला म्हणाले.

"बाबांना विचारलंस?"

"बोट माझं आहे."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे."

मोठ्या दवाखान्यातली हाताची डॉक्टर माझ्याहून फार मोठी नसेल. गोटी मांडीवर होती. डॉक्टरने माझ्या बोटाचं मधलं पेर चिमटीत घट्ट धरलं आणि म्हणाली, "आता फक्त टोक वाकवा." मी सगळा जोर लावला. दात आवळले, खांदे वर गेले. टोक तिच्या हातात दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं पडून राहिलं.

तिने कागदावर बोट काढून दाखवलं. बोट वाकवायला आत दोन दोऱ्या असतात. माझी खोलवरची, टोकापर्यंत जाणारी, कापली गेली होती आणि तिचं मागचं टोक तळव्याकडे ओढलं गेलं होतं. बधिरपणा आला तो शेजारची बारीक नसही कापली गेल्यामुळे.

"रक्त फार नव्हतं आलं," मी म्हणाले. का कुणास ठाऊक, मला सासऱ्यांची बाजू मांडावीशी वाटली.

"इथे रक्तावरून काही कळत नाही. लगेच आला असतात तर दोन्ही टोकं बांधता आली असती. आता ती पोचणार नाहीत. मनगटाकडची एक दोरी काढून इथे ओवावी लागेल. कदाचित दोनदा उघडावं लागेल. काही महिने या हाताने वजन उचलायचं नाही."

"म्हणजे हिलाही नाही?"

"हिलाही नाही. आणि एवढं करून टोक किती वाकेल ते मी आज सांगू शकत नाही. जे पेर आता वाकतंय, तेही आखडू शकतं. नेहमी होतं असं नाही, पण होतं."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तर असंच राहील. दुखणार नाही. वाकणार नाही."

"मग बरोबर काय?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मी दोन्ही करणारी माणसं पाहिली आहेत. हा हात दिवसभर काय काय करतो ते तुम्हाला माहीत, मला नाही. मी तारीख धरून ठेवते. तोवर हाताकडे नीट बघा आणि कळवा."

बाहेर बाकावर बसून मी गोटीला पाजलं. माझं बरोबर होतं. पहिल्याच संध्याकाळी बरोबर होतं. याचा कुठेतरी आनंद होईल, निदान कुणाला तरी ठणकावून सांगावंसं वाटेल, अशी मला आशा होती. पण रडूच आलं. गोटी दूध सोडून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग एका हाताने माझं नाक ओढायला लागली.

घरी सांगितलं. सासरे कितीतरी वेळ आपल्याच हातांकडे बघत बसले. मग उठले आणि म्हणाले, "ऑपरेशन करायचं. आजच कळव त्यांना."

"गोटीला मी बघते," सासूबाई म्हणाल्या. "बाटलीची सवय लावू. लागते."

"अख्खा हात आहे गं, खेळ आहे का हा?" नवरा म्हणाला.

मी तिघांकडे बघत होते. चिकटपट्टीच्या वेळी जो आवाज होता, तोच होता हा. तितकाच ठाम, तितकाच मायेचा. फक्त उलट्या दिशेने. डॉक्टरने सांगितलेलं मी पुन्हा सांगायला गेले तर सासरे म्हणाले, "एकदा नाही ऐकलं तर काय झालं ते बघतोय ना आपण!" कुणी कुणाचं नाही ऐकलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग मी खरंच हाताकडे बघायला लागले. कुणीतरी पाळतीवर ठेवलेल्या माणसासारखी मी त्याच्या मागे फिरत होते. तो भाजी चिरत होता, सुरी जरा वाकडी धरून. जमिनीवरची टाचणी उचलत नव्हता. मधलं बोट आपण होऊन पुढे येत होतं. गोटीचे बंद बांधताना चिडत होता. पेन धरल्यावर अक्षर लहान मुलाचं यायचं. गोटीला उचलताना मात्र त्याला काहीच अडत नव्हतं. कडेवर, खांद्यावर, पाळण्यातून वर, सगळं पूर्वीसारखं.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. टेबलावरच्या सतरंजीवर मी एक काच आडवी टाकली आणि कटर धरला. आजवर हजारदा धरला असेल, पण बोट काय करतं ते कधी बघितलं नव्हतं. तर्जनी कटरच्या पाठीवर सरळ पडून राहते आणि फक्त दाबते. टोक वाकवावं लागतच नाही. मी रेघ ओढली. बारीक, न थांबता वाजणारा तो आवाज आला. काच टेबलाच्या कडेवर ठेवून दाबली, ती रेघेवर दुभंगली. कड बघितली. स्वच्छ होती. पूर्वी बोटाला कळायचं की काच कुठे राजी आहे, कुठे नाही. ते आता अर्धंच कळत होतं. पण रेघ सरळ होती.

मी कटर जागेवर ठेवला. मग डॉक्टरला फोन केला.

सासऱ्यांना सांगायला गेले तेव्हा ते लाकडी पट्ट्या पुसत होते.

"बाबा, मी ऑपरेशन करणार नाही."

"भीती वाटते?"

"वाटते. पण म्हणून नाही. जे वाकतंय ते मला पणाला लावायचं नाही. आणि गोटी आत्ता कडेवर आहे. ते महिने परत यायचे नाहीत."

"उद्या पस्तावलीस तर?"

"पस्तावेन. कदाचित रोज."

"मग?"

"मग काय. माझं मी पस्तावेन."

ते फडकं घेऊन तसेच उभे राहिले. "म्हणजे मला काही भरून द्यायची सोय ठेवली नाहीस," ते म्हणाले. इतक्या हळू, की त्यांच्या तोंडचं वाटेना.

"असं काही नाही हो, बाबा," म्हणणं किती सोपं होतं. ओठांवर आलंही होतं. त्यांनी माझ्या हातात कटर दिला होता, मांडीवर माझी मुलगी खेळवली होती. पण मला ते म्हणवेना. मी खोटी पडले असते, आणि त्यांना ते कळलं असतं. त्यांनी मान हलवली आणि पुढची पट्टी घेतली.

त्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकांसमोर माझ्या बोटाचं नाव काढलेलं नाही. मोठी काच आली की ते गुपचूप टेबलावर आणून ठेवतात आणि बाजूला होतात. तसराळं अजून आहे, पण परवा नवऱ्याला जरा लागलं तर त्यांनी त्यात हात बुडवायला लावला नाही. "सगळी बोटं एकेक करून वाकवून दाखव," म्हणाले. नवरा हसला. ते हसले नाहीत.

धरलेली तारीख आली तशी गेली. नवरा सकाळपासून घड्याळाकडे बघत होता, मला दिसत होतं. दुपारी म्हणाला, "आत्ता आत नेलं असतं."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मी चुकलेही असेन. ते सांगणारं आता कुणी नाही, डॉक्टरही नाही.

गोटी उभी राहायला लागली आहे. आज माझी दोन्ही हातांची बोटं धरून ती चटईच्या कडेपर्यंत आली. उजव्या हाताचं तेच बोट तिच्या मुठीत होतं. तिने ते सोडलं, आणि मला कळलंच नाही. खाली बघितलं तेव्हा ती डाव्या हाताला लोंबकळत तिरपी झाली होती. मी सावरेपर्यंत ती धपकन बसली आणि तिने भोकाड पसरलं.

"काय झालं गं?" आतून सासूबाई.

"काही नाही, बसली फक्त."

मी तिला उचललं. आता चालवताना मी समोर न बघता सतत खाली बघते, तिच्या मुठीकडे.