बेटाला उजवी घालताना

परीक्षितने आईचं उरलेलं आयुष्य एका प्रेझेंटेशनमध्ये बसवलं होतं आणि ते चांगलं ऐसपैस बसलं होतं. शेवटच्या स्लाइडवर प्रश्नांसाठी जागासुद्धा होती.

रविवारचं जेवण नुकतंच झालं होतं. लीलावतीबाई तामणकर श्रीखंडाची वाटी हातात घेऊन इंग्लंडमध्ये, स्लाऊमधल्या आपल्या घरात, आपल्या सोफ्यावर बसून, हे घर किती लवकर विकता येईल याचा आलेख पाहत होत्या. घर विकायचं आणि आईने नॉटिंगहॅमला परीक्षितच्या गॅरेजवर बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला यायचं, असा सगळ्याचा मथितार्थ होता. त्या खोल्यांना परीक्षित ‘ॲनेक्स’ म्हणायचा. लीलावतीबाई ‘माळा’ म्हणायच्या.

परीक्षित एका बँकेत रिस्क विभागाचा प्रमुख होता. काय काय वाईट होऊ शकतं याचा विचार करण्यासाठी त्याला पगार मिळायचा, आणि शनिवार-रविवारी तो हेच काम फुकट करायचा. या वेळी निमित्त झालं होतं गेल्या महिन्यातल्या अपघाताचं. अपघात म्हणजे लीलावतीबाईंनी गाडी मागे घेताना शेजाऱ्याच्या बागेतला, गळ टाकून बसलेला शोभेचा प्लास्टरचा बुटका पाडला. बुटका जागच्या जागी गेला. शेजाऱ्याची बायको दुसऱ्या दिवशी केक घेऊन आभार मानायला आली, कारण तिला तो बुटका लग्नापासून आवडत नव्हता. स्लाइडवर बुटका होता, केक नव्हता.

“आई, तू फक्त सही कर. बाकी सगळं मी हॅंडल करतो.”

“आणि मी तिकडे काय करू?”

“रेस्ट घे ना! आयुष्यभर केलंस की.”

आयुष्यभर लीलावतीबाईंनी लोकांना गाडी शिकवली होती. स्लाऊमध्ये असा एकही राउंडअबाउट नव्हता, जिथे त्यांच्या शेजारी बसून कोणी ना कोणी रडलं नव्हतं. आता ते रडलेले लोक डॉक्टर, वकील, आजोबा झाले होते, आणि बाई भाजी आणायला निघाल्या की रस्त्यात गाड्या थांबवून हात हलवायचे. इंडिकेटर न देता थांबले, तर बाई हात हलवत नसत.

“नॉटिंगहॅममध्ये मी कोण?” त्या म्हणाल्या. “परीक्षितची आई. आणि स्लाऊमध्ये तू कोण? लीलाबाईंचा मुलगा. मला हे दुसरं बरं वाटतं.”

“हे इमोशनल झालं. मी सेफ्टीचं बोलतोय. तुझे रिफ्लेक्सेस, तुझं जजमेंट...”

वाटी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. निवेदिता भांडी उचलता उचलता थांबली. निवेदिता सून, मूळची नागपूरची, लग्नाआधी बाईंचीच विद्यार्थिनी. तिला सासू आधी मिळाली आणि नवरा नंतर. टेस्ट ती चौथ्या खेपेला पास झाली होती, आणि वाटी अशी ठेवली गेली की पुढे काय येतं ते तिला ठाऊक होतं.

“पुढच्या महिन्यात माझ्या पंचाहत्तरीला आपण त्या ग्रीक बेटावर जातोय ना? पॅक्सोस की काय ते?”

“हो. प्रायव्हेट बोट बुक केलीय, फक्त आपली. कॅप्टन आहे. तू नुसती बसायचंस.”

“कॅप्टन रद्द कर. बोट मी चालवते.”

परीक्षित हसला. मग आई हसत नाहीये हे पाहून थांबला.

“तिथे लहान इंजिनाच्या बोटीला लायसन लागत नाही,” लीलावतीबाई म्हणाल्या. “वाचलंय मी. ऐक. मी त्या बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घातली, माझ्या हाताने, तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर आल्या आल्या सही करते आणि तुझ्या माळ्यावर येऊन रेस्ट घेते.”

“आई, हा काय पोरखेळ...”

“का? तुझ्या मते माझं जजमेंट गेलंय ना? मग तू जिंकलाच आहेस. घाबरतोस कशाला?”

रिस्क विभागाच्या प्रमुखाला शक्यता अनुकूल वाटल्या. त्याने होकार दिला. निवाडा निवेदिताने द्यायचा, असं ठरलं. निवेदिता म्हणाली, “मला मध्ये घेऊ नका,” आणि मध्ये बसली.

पॅक्सोसचा समुद्र जाहिरातीत दाखवतात त्याहूनही निळा निघाला, त्यामुळे तो थोडा खोटा वाटत होता. धक्क्यावर बोटी भाड्याने देणारी बाई साधारण बाईंच्याच वयाची होती. पायात चपला, ओठात न पेटवलेली सिगारेट. तिने लीलावतीबाईंना बंदरातल्या बंदरात एक फेरी मारायला लावली, शेजारी बसून पाहिलं, आणि उतरताना परीक्षितला इंग्रजीत म्हणाली, “ही ठीक आहे. तू मात्र रेलिंग सोडून बस.”

मग तिने नकाशावर बोट फिरवलं. बंदर बेटाच्या पूर्वेला. आधी उत्तरेकडे जा, वळसा घाला, आणि पश्चिमेच्या कड्यांच्या बाजूने खाली या. वारा वायव्येकडून येतो. असं गेलात तर तो पाठीशी राहील. सगळे असेच जातात.

“नाही,” लीलावतीबाई म्हणाल्या. “मी उलटी जाणार. आधी दक्षिणेला.”

“आई!” परीक्षित म्हणाला. “ती इथली आहे. तिला कळतं.”

“तिला वाऱ्याचं कळतं. प्रदक्षिणेचं कळत नाही. देव उजव्या हाताला ठेवून जायचं असतं. तिच्या मार्गाने गेलं तर बेट डाव्या हाताला येतं. ती प्रदक्षिणा नव्हे, नुसती चक्कर झाली. मी बोलले होते प्रदक्षिणा.”

बोटवालीने खांदे उडवले. “हॉलिडे तुझी. पण वरच्या कोपऱ्यात, वायव्येच्या टोकाला, लाटांवर पांढरं दिसलं तर परत फिर. तिथे शहाणपणा चालत नाही.”

लीलावतीबाई निघाल्या. बोटीला आरसा नव्हता हे त्यांना अजिबात आवडलं नाही. दर थोड्या वेळाने त्या मान वळवून मागचा समुद्र तपासत होत्या. मागे समुद्रच असे. समोरून मासेमारीची एक होडी आली, तेव्हा त्यांनी हात बाहेर काढून रीतसर इशारा केला. होडीतल्या माणसाला वाटलं, बाई हाक मारताहेत. त्याने एक मोठा मासा उचलून दाखवला.

“नको, आमचा सोमवार आहे!” बाई ओरडल्या आणि पुढे गेल्या.

बेटाचं दक्षिणेचं टोक मागे पडलं आणि पश्चिमेचे कडे सुरू झाले. पांढरेशुभ्र, सरळसोट, खाली गुहा, गुहेत हिरवं पाणी. इतर बोटी थांबल्या होत्या. लोक उड्या मारत होते, फोटो काढत होते. निवेदिताने डब्यातले दडपे पोहे काढले. परीक्षित लाइफ जॅकेटवर जॅकेट चढवून, मोबाइलवर वाऱ्याचा वेग पाहत बसला होता.

“वारा वाढतोय,” तो म्हणाला. आवाजात काळजी होती. काळजीत थोडा आनंदही होता.

“पोहे खा,” लीलावतीबाई म्हणाल्या.

वारा खरोखरच वाढला. तो समोरून येत होता, कारण बाई उलट्या आल्या होत्या. बोट आपटू लागली. लीलावतीबाईंनी वेग कमी केला, लाट तिरकी घेतली, पुन्हा सरळ केली. निवेदिताने डब्याचं झाकण लावलं. वायव्येचं टोक आणि त्यावरचं एक वाकडं पाइनचं झाड दिसायला लागलं, आणि टोकापाशी पाणी उकळत्या दुधासारखं वर येत होतं. पांढरं.

परीक्षितने मोबाइल खिशात घातला.

टोक ओलांडलं की पलीकडे उत्तरेचा शांत किनारा होता, आणि मग बंदर. मधे एवढाच तुकडा. लीलावतीबाईंनी इंजिन हळू केलं आणि त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. मनात त्यांचं स्वयंपाकघर आलं, मागच्या दाराची कडी आली, माळा आला. जाऊ शकली असती बोट. कदाचित.

त्यांनी चाक फिरवलं. बोट हळूच वळली आणि कड्यांच्या दिशेने परत निघाली.

परीक्षितने सोडलेला श्वास वाऱ्याच्या आवाजातही ऐकू आला. “योग्य केलंस, आई,” तो म्हणाला. “खरंच. प्राउड ऑफ यू. हरलीस, पण योग्य केलंस.”

“हरले कुठे?”

“परत फिरलीस ना! प्रदक्षिणा अर्धी राहिली.”

“अर्धी नाही राहिली. दिशा बदलली.” लीलावतीबाई पुढे पाहत होत्या. “शंकराची प्रदक्षिणा कशी घालतात?”

“मला काय माहीत!”

“तुला माहीत नाही, ते दिसतंच आहे. निवेदिता, सांग त्याला.”

निवेदिता भिजलेल्या चष्म्यातून पाहत म्हणाली, “पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जातं, ती ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं, उलटं फिरायचं, आणि सगळा वळसा घालून पन्हळीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत यायचं. मग तिथून माघारी. आमच्या आजीने मला एकदा पन्हळ ओलांडली म्हणून धपाटा घातला होता.”

“आणि ती पूर्ण धरतात की अर्धी?”

“पूर्णच धरतात, आई.”

“झालं तर!”

“वन मिनिट, वन मिनिट,” परीक्षित उठायला गेला आणि बसला. “हे देऊळ नाहीये. हे बेट आहे! इथे शंकर कुठून आला?”

“एवढा मोठा दगड,” लीलावतीबाईंनी डोक्यानेच कड्याकडे खूण केली, “रात्रंदिवस डोक्यावरून पाण्याचा अभिषेक घेत उभा आहे. मग कोण आहे तो? विष्णू?”

परीक्षितने कड्याकडे पाहिलं. कड्यावरून पाणी निथळत होतं.

“आणि पन्हळ उत्तरेलाच असते,” बाई म्हणाल्या. “ती बघ.”

“हे चीटिंग आहे. निवेदिता, हे चीटिंग आहे.”

“मी निवाडा शेवटी देणार,” निवेदिता म्हणाली. “आधी पोहोचू तर दे त्यांना.”

मग लीलावतीबाई आल्या वाटेने गेल्या. सगळे कडे पुन्हा, सगळ्या गुहा पुन्हा, उड्या मारणारे लोकही तेच. दक्षिणेचं टोक वळून पूर्वेला आल्या तेव्हा धक्क्यावरच्या बोटवालीने दोर टाकायला हात उचलला. बाईंनी नाही म्हणून मान हलवली, उत्तरेकडे हात दाखवला आणि पुढे गेल्या. बोटवालीने अखेर ती सिगारेट पेटवली.

उत्तरेकडे वारा अडत होता. बोट सरळ चालली. बेटाचा वरचा किनारा संपत आला, आणि समोर तेच पांढरं पाणी आलं, या वेळी दुसऱ्या बाजूने. त्यांनी इंजिन हळू केलं. टोकावरचा तो वाकडा पाइन आता त्यांनी दोन्हीकडून पाहिला होता. लीलावतीबाईंनी चाकावरून हात काढून नमस्कार केला. कोणाला केला, ते विचारायची परीक्षितची हिंमत झाली नाही.

“बोल,” त्या सुनेला म्हणाल्या.

“अगं, मधला तुकडा राहिलाय!” परीक्षित म्हणाला. “डोळ्यांनी दिसतोय! गॅप आहे!”

निवेदिताने चष्मा पुसला. “परीक्षित, मी टेस्ट पास झाले ना, त्या दिवशी एक्झॅमिनरने मला पार्किंग करायला लावलंच नव्हतं. मला अजून पार्किंग येत नाही. तू त्या गाडीत रोज बसतोस.” मग सासूकडे वळून म्हणाली, “आई, पास.”

बोट जागच्या जागी डुलत होती. परीक्षितने रेलिंग सोडलं. बोलला तेव्हा त्याचा आवाज बँकेतला नव्हता.

“आई, मला भीती वाटते गं. स्लाऊहून फोन आला की उचलण्याआधीच मी गाडीची चावी शोधतो. तू पडलीस, तू गेलीस, काहीही. मी तिकडे. यायला दोन-तीन तास.”

लीलावतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लाइफ जॅकेटच्या गळ्यातून त्याचं डोकं लहानपणी स्वेटरमधून यायचं तसंच बाहेर आलं होतं. त्यांना त्याचा पापा घ्यावासा वाटला. घेतला असता तर सही करावी लागली असती.

“भीती वाटते, ते बरोबरच आहे,” त्या म्हणाल्या. “मी मरणारच आहे एक दिवस, तू ते आलेखात काढलंयस. पण भीती तुझी आहे आणि घर माझं आहे. तुझ्या भीतीला राहायला जागा हवी असेल, तर गॅरेजवर दोन खोल्या बांधलेल्याच आहेत.”

निवेदिताने तोंड फिरवून समुद्राकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते.

“रोज सकाळी फोन करीन,” बाई पुढे म्हणाल्या. “तू उचलायचास. जिवंत आहे एवढं सांगेन आणि ठेवीन. चालेल?”

“चालेल,” परीक्षित म्हणाला.

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, मागे कोणी नव्हतं, आणि बोट बंदराकडे वळवली.

पुढच्या गुरुवारी स्लाऊच्या घराची बेल वाजली. दारात एक टकला, अदबशीर गृहस्थ, हातात लाल किरणाचं मापयंत्र. इस्टेट एजंट. परीक्षित त्याची अपॉइंटमेंट रद्द करायला विसरला होता; घर विकलं न जाण्याची शक्यता त्याने धरलीच नव्हती.

लीलावतीबाईंनी त्याला आत घेतलं, चहा दिला आणि सगळ्या खोल्या मोजू दिल्या. खिडक्या तर त्यांनी दोनदा मोजायला लावल्या, उंचीसकट. आकडे एका कागदावर उतरवून घेतले.

“सुंदर घर आहे,” जाताना तो म्हणाला. “मग, साधारण कधी हलायचा विचार आहे?”

“हलायचा नाही,” लीलावतीबाई म्हणाल्या. “मला पडदे शिवायचे होते.”