न उघडताच तपासलेले कपाट

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे, आणि मला माझ्या कचेरीची किळस येते. कपाटाने असे बोलू नये म्हणतात. पण तीस वर्षे ज्यांचे कागद पोटात सांभाळले, त्यांनीच माझ्या नावावर शपथेवर खोटे बोलावे, याला काय म्हणायचे?

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा वाकवताना कारागीर म्हणाला होता, "याच्यात वाळवी शिरायची नाही." त्याचे बोलणे खरे ठरले. पाणीखात्याच्या कचेरीत मला अकरा नंबर मिळाला. तेव्हाच्या दप्तरदार बाई रोज मला उघडत, धूळ झटकत. कोणती फाईल कोणत्या खणात, हे त्यांना तोंडपाठ होते. "अकरा नंबर म्हणजे खात्रीचं," असे त्या म्हणत आणि मला धन्य वाटे.

त्या निवृत्त झाल्या आणि सध्याचे कारकून आले. खुर्ची सोडणे म्हणजे यांच्या जिवावर येई. कुणी कागद मागितला की जांभई देत लिहीत, "शोध घेतला, आढळत नाही." मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून रंगारी बोलावला, तर यांनी किल्ली शोधायचाही कंटाळा केला. "बंदच रंगव," म्हणाले. दोन्ही दारांमधल्या फटीवरून हिरवा रंग फिरला आणि तिथेच वाळला.

पुढच्याच महिन्यात एका शिक्षिकेचा अर्ज आला. तिचे वडील पाण्याच्या टाकीवर पंपचालक होते. सहा वर्षांपूर्वी टाकीची भिंत कोसळून दोन माणसे दगावली आणि खात्याने सारे खापर पंपचालकाच्या डोक्यावर फोडले. त्याने टाकी बेसुमार भरली म्हणे. भिंतीला तडा गेला आहे, अशी तीन पत्रे त्यांनी कितीतरी आधी दिली होती. खाते तेव्हाही न शोधताच म्हणाले, पत्रे आलीच नाहीत. तेव्हापासून म्हातारा घराबाहेर पडत नव्हता. त्या पत्रांच्या नकला लेकीने अर्जात मागितल्या होत्या. मित्रांनो, ती तिन्ही पत्रे माझ्या तिसऱ्या खणात होती.

अर्जाला ठरलेले उत्तर गेले. अपिलातही तेच, कारण अपील ऐकणाऱ्या साहेबांनी कारकुनांनाच विचारले. मग ती कोर्टात गेली. न्यायाधीशांनी फर्मावले, शोधले म्हणजे नेमके काय केले ते शपथपत्रावर सांगा. कारकुनांनी माझ्याच दाराला पाठ टेकून मजकूर सांगितला. "लिही, अर्ज आल्यावर कपाट क्रमांक अकरा उघडून पान न् पान तपासलं."

"पण साहेब, उघडलं कधी?" टंकलेखिकेने विचारले.

"तुला काय करायचंय? कोर्ट काय कपाट बघायला येतंय?"

एवढे मोठे पोट असून मला ओकता येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

आणि कोर्टाने खरोखरच माणूस धाडला. कोर्टाने नेमलेल्या एक वकीलबाई आल्या, सोबत ती शिक्षिका आणि तिचे वडील. वकीलबाईंनी माझ्या फटीवरून नख फिरवले. रंग सलग होता, कुठे चीरसुद्धा नव्हती.

"हे रंगवलं कधी?"

"मोठे साहेब आले होते तेव्हा. अर्जाच्या आधी," टंकलेखिका पटकन म्हणाली.

"मग तुम्ही उघडलंत कुठून?"

कारकून घाम पुसत म्हणाले, "मॅडम, शोध म्हणजे आपला कार्यालयीन शोध."

रंग खरवडून मला उघडले. पत्रे सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. वर कारकून शिक्षिकेला म्हणतात, "एवढ्यासाठी कोर्टात कशाला जायचं? आम्हाला सांगायचं ना." लाज नावाची चीज यांनी कधी पाहिलीच नसावी.

वडिलांनी चष्मा पुसून तिन्ही पत्रे सावकाश वाचली. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "अक्षर माझंच आहे गं. सगळेच नाही म्हणत होते ना, मलाही वाटायला लागलं होतं, आपण लिहिलीच नसतील."

मित्रांनो, पाच मिनिटांच्या आळसापायी एका खऱ्या माणसाने स्वतःवरचा विश्वास गमावला होता. उद्या तुमच्यापैकीही कुणी अशा टेबलामागे बसेल. समोरच्याला 'नाही' लिहून देण्याआधी उठा आणि दार उघडून बघा. तेवढेही होत नसेल, तर निदान 'पाहिलेच नाही' एवढे तरी खरे लिहा.