खालच्या खाटेचा हेवा

मित्रांनो, दुमजली लोखंडी पलंगातली खालची खाट म्हणजे मी. हेलसिंकीच्या कालिओ भागात बेघर माणसांसाठी रात्रनिवारा आहे. तिथल्या मोठ्या दालनात, खिडकीपासून दुसऱ्या रांगेत मी उभी असते. माझा रंग उडाला आहे, एक पाय किंचित आखूड झाला आहे. पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. मला हेवा वाटतो. कोणाचा, ते सांगते.

माझा जन्म लाहती शहरातल्या एका कारखान्यात झाला. पोकळ लोखंडी नळ्या कापून, वाकवून, तापवून मला जोडलं. आधी मी सैन्याच्या बराकीत होते. घराच्या आठवणीने उशीत तोंड खुपसून रडणारे जवान मी पाहिले. बराक बंद झाली तेव्हा शहराने आम्हाला विकत घेतलं आणि मी या निवाऱ्यात आले.

इथे माझ्यावर कितीतरी माणसं झोपली. त्यांतला कालेर्वो मात्र मला माझा वाटायचा. तो पूर्वी जहाजाच्या गोदीत वेल्डर होता. आधी काम गेलं, मग संसार, आणि दारू तेवढी उरली. पहिल्याच संध्याकाळी त्याने माझ्या जोडावरून बोटं फिरवली आणि निवारा सांभाळणाऱ्या हिल्काला म्हणाला, "ही खाट ज्याने जोडली ना, त्याला काम येत होतं."

"झोप आता. तारीफ उद्या कर," हिल्का म्हणाली.

इतक्या वर्षांत माझी तारीफ करणारा तो एकटाच.

पण तो रोज माझ्याकडे नसायचा. तोंडाला दारूचा वास आला, तर नियमाप्रमाणे हिल्काला त्याला दारातूनच परत पाठवावं लागे. मग पोलीस त्याला उचलून कोठडीत नेत. थंडी फार असली तर तो इस्पितळात जाई. तिथे त्याला शुद्धीवर आणत, आणि घर नसल्यामुळे तो पुन्हा माझ्याकडे येई. सकाळी निवारा रिकामा करायचा, म्हणून तो पुन्हा रस्त्यावर. मला कोठडीतल्या बाकाचा हेवा वाटे. इस्पितळातल्या स्ट्रेचरचा तर जास्तच, कारण त्याला चाकं होती आणि लोक त्याच्यासाठी धावत.

एके दिवशी हिल्काने तिघांना बोलावलं. पोलीस हवालदार ओयानेन, इस्पितळातली परिचारिका मेर्वी आणि शहराच्या घरखात्यातला वेसा. हिल्काच्या खोलीत एवढी माणसं मावेनात, म्हणून सगळे कॉफीचे पेले घेऊन दालनात आले. ओयानेन आणि वेसा माझ्यावरच बसले.

"कालेर्वोवर तुमचा काय खर्च होतो, ते एकदा मोठ्याने बोला," हिल्का म्हणाली.

"आमचा किरकोळ," ओयानेन म्हणाला. "गाडी, दोन शिपाई, कोठडी, डॉक्टरची तपासणी."

"याला किरकोळ म्हणतोस? मग आमच्याकडचं ऐकूच नकोस," मेर्वी म्हणाली. "मागच्या थंडीत त्याचे गोठलेले पाय वाचवले आम्ही. वेसा, तेवढ्या पैशांत तुझ्या एका खोलीचं भाडं किती दिवस निघेल?"

वेसाने मनात हिशेब केला. त्याचे कान लाल झाले. "दोन हिवाळे तरी," तो म्हणाला. "पण आमचा नियम आहे. आधी दारू सुटली पाहिजे, मग घर."

"आणि दारू कुठे बसून सोडायची? तुझ्या नियमावर?" मेर्वीने विचारलं.

ओयानेन इतका हसला की त्याची कॉफी माझ्या गादीवर सांडली.

हे चौघे याआधी कधी एकत्र बसलेच नव्हते. प्रत्येकाची थैली वेगळी होती आणि प्रत्येकाला आपला खर्च थोडा वाटत होता. त्या दिवशी ठरलं की कालेर्वोला आधी किल्ली द्यायची. वेसाने कोंतुला या उपनगरातली एक खोली द्यायची, मेर्वीने औषधोपचार पाहायचे, आणि तो रस्त्यात पडलेला दिसला तर ओयानेनने त्याला कोठडीत न नेता घरी सोडायचं.

मी ओल्या गादीखाली हे सगळं ऐकत होते. खोलीत पाइनच्या लाकडाचा नवा पलंग ठेवल्याचं नंतर कळलं. तो पलंग मी कधी पाहिला नाही, पण त्याच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा आला नाही. पाइन मऊ असतो, नखानेही त्यावर ओरखडा उठतो. असल्या पलंगासाठी कालेर्वो मला सोडून गेला!

जानेवारीत एका संध्याकाळी निवाऱ्याचं दार उघडलं, तर रांगेत कालेर्वो उभा. टोपीवर बर्फ, गळ्यात किल्ली. दारूचा वास मुळीच नव्हता.

"हिल्का, खालची खाट मोकळी आहे का?"

माझ्या लोखंडात ऊब आल्यासारखं मला वाटलं. पाइन हरला होता.

"घराचं काय झालं?" हिल्काने विचारलं.

"घर छान आहे." तो माझ्यावर बसला. "फ्रिज गुणगुणतो. घरात तेवढंच काय ते बोलणं."

"मेर्वी येते ना?"

"नाही."

"वेसा?"

"कोणीच बेल वाजवली नाही. मी तरी कोणाची वाजवली म्हणा!"

हिल्काने तिथूनच एकेकाला फोन लावला. मेर्वीला वाटलं होतं, वेसा जात असेल. वेसाला वाटलं होतं, मेर्वी जात असेल. ओयानेनला वाटलं, पोलीस दारात दिसला तर बिचारा घाबरेल. आणि तिघांचंही एकच म्हणणं, इतक्या वर्षांनी माणसाला स्वतःचं दार मिळालं आहे, त्याला निवांत राहू द्यावं. आमच्या देशात जिन्यात शेजाऱ्याची चाहूल लागली, तर तो जाईपर्यंत लोक दाराआड थांबतात. न बोलावता कोणाकडे जाणं म्हणजे उद्धटपणा. सगळ्यांनी मिळून इतकी सभ्यता दाखवली की कालेर्वो एकटा पडला.

"आज इथे झोपलास, तर उद्याही येशील," हिल्का त्याला म्हणाली. "मग ती खोली हातची जाईल. आणि तू पुन्हा रस्त्यावर."

जावी, असंच मला वाटत होतं. त्याने पाय वर घेतले तेव्हा मी जराही करकरले नाही. श्वास रोखून धरावा तशी स्थिर राहिले.

हिल्काने दालन निवाऱ्यातल्या दुसऱ्या कर्मचारी बाईवर सोपवलं आणि कोट चढवला. "ऊठ. मला कॉफी हवी आहे, तुझ्या घरची."

"न बोलावता येणार?"

"हो. निर्लज्जासारखी. वाटेत गोड पाव घेऊ."

"घरात पेला एकच आहे."

"मग तू बशीतून पी. आणि ऐक, गुरुवारी मेर्वी येणार आहे, रविवारी वेसा. ओयानेन साध्या कपड्यांत येईल. तुमच्या इमारतीच्या सौनात वाफ घेत बसला, की तुझ्याआधी बाहेर पडणार नाही म्हणतो."

"तो? पहिल्याच वाफेला पळेल!" कालेर्वो म्हणाला आणि हसत उठला.

माझ्या स्प्रिंगा वर आल्या. दोघं बाहेर पडली. रांगेतला पुढचा माणूस माझ्यावर येऊन झोपला. कालेर्वो त्यानंतर निवाऱ्यात कधीच झोपायला आला नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, रंग द्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. निवाऱ्याची गरज संपली, तर मला खुशाल वितळवा. पण कोणाला घर दिलंत, तर किल्ली हातावर ठेवून निघून जाऊ नका. त्याच्या दाराची बेल वाजवा. त्याने बोलावलं नसलं तरी वाजवा, आणि हे काम दुसरा करत असेल असं धरून चालू नका.

आता मला पाइनच्या पलंगाचा हेवा वाटत नाही. हेवा वाटतो तो त्या बेलचा. हिल्का सांगते, दर गुरुवारी तिच्यावर कोणाचं तरी बोट पडतं, आणि कालेर्वो आतून ओरडतो, "आलो, आलो!"