पावसाळा न दाखवलेला दगड

"हा दगड टिकंल ना रे, शादेव?" मोहनरावानं काठीनं दगडावर दोनदा टकटक केलं.

"दगड हाय, मालक. दगडाला काय हुतंय?" शहादेव म्हणाला आणि मान वर न करता त्यानं छिन्नी उचलली.

हा दगड टिकणार नाही हे त्याला जेवढं ठाऊक होतं, तेवढं धर्मापुरीच्या पंचक्रोशीत कुणालाच नव्हतं. मोहनरावाच्या नव्या विहिरीत चाळीस फुटांवरून तो निघाला होता. काळा, थोडी हिरवी झाक असलेला, आणि छिन्नीखाली इतका मऊ की अक्षर काढताना हाताला मजा वाटावी. पाहणारा फसणारच. पण या जातीच्या दगडाला उघडी हवा सोसत नाही. त्याच्या अंगातले हिरवे कण पाणी पिऊन फुगतात, उन्हात आकसतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत अख्ख्या शिळेचा भुगा होतो. म्हणून शहादेवच्या बापानं नेम घालून दिला होता. विहिरीतला दगड कोरायचा तर आधी त्याला एक पावसाळा दाखवायचा. उघड्यावर टाकून द्यायचा आणि दसऱ्याला जो शाबूत राहील त्यालाच हात लावायचा.

मोहनरावाला एवढी उसंत नव्हती. त्याच्या वडिलांची, आबासाहेबांची पुण्यतिथी वीस दिवसांवर आली होती. मांडव ठरला होता, पाहुणे ठरले होते. गावाजवळच्या मोठ्या विहिरीवर वडिलांच्या नावाची शिळा उभी राहायची होती, आणि तीही आपल्याच मातीतल्या दगडाची. शहादेवनं नेमाचा 'न' काढला नाही.

घाई तेव्हाही मोहनरावालाच होती. चौदा वर्षांपूर्वी हीच मोठी विहीर शहादेव आणि त्याचा धाकटा भाऊ बजरंग खोदत होते. तीस फुटांवर गेरूचा तांबडा थर लागला. कोण्या काळी जमिनीतून तापलेला रस वाहत आला आणि थिजून काळा पाषाण झाला. ऊन-पावसानं त्या पाषाणाची वरून माती झाली. त्या मातीवर पुन्हा नवा रस आला आणि तिला विटेसारखी भाजून गेला. दोन पाषाणांत दाबलेली ही लाल माती कोरडी असेतो गुमान राहते, ओल लागली की घसरते. शहादेवनं तेव्हा हात जोडले होते. "मालक, एवढा थर बांधून घ्या, मंग खाली जाऊ." मोहनराव म्हणाला होता, "पावसाच्या आत पाणी लागलं पायजे. भित्रा हायेस लेका."

तिसऱ्या दिवशी दरड आली. शहादेव भाकरी खायला वर आला होता, बजरंग खाली होता. पंचनाम्याला आलेल्या माणसांना मोहनरावानं सांगितलं, "पिऊन उतरलता. तोल गेला." ज्याच्या गळ्यात माळ होती, ज्यानं कधी थेंबाला हात लावला नाही, त्या पोराला मेल्यावर दारुडा केलं. पाळण्यातली त्याची अंजू शाळेत जायला लागली, तेव्हा 'दारुड्याची पोर' हेच तिचं नाव होतं. साखराबाईनं, म्हणजे शहादेव-बजरंगच्या आईनं, गावातल्या हळदीकुंकवाला जाणं सोडून दिलं.

शहादेवला सूड हवा होता. मोहनरावाच्या डोक्यात हातोडा घालण्याचा विचार त्यानं कैकदा केला होता. पण एका घावात मेलेल्या माणसाला काय कळणार? ज्या घराण्याच्या नावासाठी त्यानं बजरंगचं नाव मातीत घातलं, ते नाव त्याच्या डोळ्यांदेखत झडलं पाहिजे, त्याचा भुगा त्यानं पायानं तुडवला पाहिजे. आणि हा दगड आयता हाताशी आला होता.

"काका, पुस्तकात लिवलंय, दगडाची माती व्हायला हजारो वर्सं लागत्यात," शेजारी अभ्यास करत बसलेली अंजू म्हणाली.

"हा जरा घाईचा हाय," शहादेव म्हणाला आणि हसला. काकाला हसताना पाहून अंजूनं पुस्तक खाली ठेवलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मोहनरावाची सून प्रियदर्शनी आली. ती गावाची सरपंच होती. तिच्या हातात कागद होता.

"शहादेवकाका, खाली अजून एक ओळ बसेल का?"

अंजूनं कागद घेतला आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. 'ही विहीर खोदताना दरड कोसळून मरण पावलेले कामगार बजरंग यांच्या स्मृतीस.'

"तुमच्या आई तीन महिने रोज येत होत्या माझ्याकडं," प्रियदर्शनी म्हणाली. "मागत काहीच नव्हत्या. नुसत्या पायरीवर बसून राहायच्या. शेवटी मीच विचारलं, तेव्हा सगळं कळलं. मामंजींना म्हटलं, एका ओळीनं आपलं काय जातंय?"

शहादेवनं दाराकडं पाहिलं. साखराबाई चौकट धरून उभी होती. "तुला आधी सांगितलं आसतं तर तू आडवा आला आसतास," ती म्हणाली.

एक वाक्य बोलायचं होतं. हा दगड कुजका आहे, दुसरा घेऊ. घरामागं तीन पावसाळे पाहिलेला चांगला पाषाण पडला होता, पण तो कोरायला दहा दिवस लागले असते. तेवढ्यात मोहनराव मागून आलाच.

"जागा न्हाई का रे? नसंल तर ऱ्हाऊ दे ती ओळ."

त्याला निमित्तच हवं होतं. दगड बदलायचा म्हटलं असतं तर ओळ गेली असती. आणि खरं सांगायचं तर, चौदा वर्षं पोसलेला सूड त्याच्यापुढं स्वतःच्या तोंडानं ओकून टाकणं शहादेवला जमलं नाही.

"जागा हाय," तो म्हणाला.

भावाची ओळ त्यानं सगळ्यांत खोल कोरली. चांगल्या पाषाणात खोल अक्षर पिढ्यान् पिढ्या राहतं. या दगडात खोल अक्षरात पाणी साठतं आणि तेच आधी झडतं. हे कळत असूनही त्याचा हात थांबला नाही.

शिळा उभी राहिली. अंजूनं चारचौघांत शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. साखराबाई दर अमावस्येला तिथं जाऊन त्या ओळीला कुंकू लावू लागली. बायका तिला पुन्हा हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या. शाळेतलं अंजूचं जुनं नाव मागं पडलं. आणि शहादेव कुणाचं लक्ष नसताना त्या दगडाला जवसाचं तेल चोळू लागला. मोहनरावाचं घराणं पुसायला उभा केलेला दगड वाचावा म्हणून तो दर मिरगाच्या आधी डबा घेऊन जायचा. दगडानं दोन पावसाळे काढले. तिसऱ्यात शेवटची ओळ पापुद्र्यानं सुटली. दिवाळीपर्यंत आबासाहेबही अर्धे गेले.

मोहनराव शिळेसमोर उभा होता तेव्हा शहादेव तिथं होता. बापाच्या नावाचा भुगा मोहनरावानं बुटाच्या टोकानं सारला, आणि त्याचा चेहरा पडला. हा चेहरा पाहायला सतरा वर्षं गेली होती. शहादेवला घोटभर आनंद झाला, नाही असं नाही.

"कुजका दगड दिलास बे," मोहनराव म्हणाला. "जाऊ दे. ग्रॅनाइट सांगितलाय. मशीननं कोरून यिऊ लागलाय."

"आन् खालची ओळ, मालक?"

"कुठली ओळ?"

त्या ओळीसाठी बोलणारी प्रियदर्शनी मुलांच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला राहायला गेली होती. आणि दगड का कुजला हे शहादेव कुणाला सांगणार होता?

ग्रॅनाइट आला. तो बसवायला गावात शहादेवशिवाय दुसरा माणूस नव्हता. त्यानं ओळंबा लावला, शिळा सरळ बसवली, कडेला सिमेंट भरलं. तेवढ्यात अंजूचा हात धरून साखराबाई आली. मोतीबिंदूनं तिला आता माणसंही सावलीसारखीच दिसत.

"वाच गं," ती म्हणाली.

अंजूनं आबासाहेबांचं नाव वाचलं, तारखा वाचल्या. शेवटच्या ओळीवर ती थांबली. तिथं 'सौजन्य: मोहनराव' असं होतं. तिनं काकाकडं पाहिलं. शहादेवनं मान खाली घातली.

"दरड कोसळून मरण पावलेले कामगार बजरंग यांच्या स्मृतीस," अंजूनं सरळ आवाजात म्हटलं.

"कुठं हाय?"

अंजूनं आजीचा हात धरून शेवटच्या ओळीवर ठेवला. म्हातारीनं एकेक अक्षर बोटानं चाचपलं. "ह्या बारीला लई गुळगुळीत केलंस रे शादेव," ती म्हणाली. मग तिनं करंडा उघडून मोहनरावाच्या नावाला कुंकू लावलं आणि त्यावर कपाळ टेकवलं.

शहादेवनं हाताचं सिमेंट धोतराला पुसलं आणि तिला उठवायला हात दिला.