तोंडावरचा हात

"प्रयागबाई, जीप आली वो! ते लंगडे-लुळे पोरं मांगं ने पटकन!" सरपंच उकंडराव दारातूनच ओरडले.

बालवाडीची मदतनीस प्रयागबाईने पोरांच्या खाऊचं, सुकडीचं घमेलं खाली ठेवलं. पाहुणे आले की असंच करायचं, ही रीतच पडली होती. धडधाकट पोरं पुढच्या सतरंजीवर बसायची. ज्यांचे पाय चालत नव्हते, मान ठरत नव्हती, ती मागे चुलीच्या खोलीत. तीन पोरं तिने आत नेऊन ठेवली. चौथी तिची स्वतःची, भागिरथा. तान्हेपणी तापात पाय गेले ते गेलेच. लेकीचाच हात तिने लेकीच्या तोंडावर ठेवला.

"चूप बसजो, माय. मी येईपर्यंत हूं की चूं नाई."

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दर मंगळवारी मंगरुळहून एसटीने ललिताबाई नर्स आसेगावला येत. पोरांचे पाय तेलाने चोळत, आयांना शिकवत, अंगणात आडव्या बांधलेल्या दोन बांबूंना धरून पोरांना चालवत. भागिरथा त्या बांबूंना धरून उभी राहू लागली होती. आता सरकार हे काम नव्याने लावणार होतं. जिथे अशी पोरं जास्त, तिथे केंद्र. बाकी गावांचे फेरे बंद. ललिताबाईंनी बजावलं होतं, "पाहणीला साहेब येतील तेव्हा पोरं समोर बसव, प्रयागबाई. दिसली तरच मला येता येईल."

हे तिला आठवलं तेव्हा साहेब सतरंजीपाशी येऊन उभे होते. अंगणातल्या बांबूंवर तिचंच लुगडं वाळत होतं.

"अपंग मुलं किती आहेत इथे?"

"आमच्या गावात तसलं काई नाई जी," उकंडराव हसले. "पाहा ना, एकेक पोट्टं कसं गोऱ्ह्यावानी हाये!"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई?"

मागच्या खोलीच्या दाराची कडी तिच्या हाताशी होती. जत्रेत भागिरथाला पाहून बाया कुजबुजल्या होत्या, "कोनतं पाप भोवलं वं हिले?" तेच तिच्या कानात वाजलं.

"नाई जी," ती म्हणाली.

"मग आसेगावचा मंगळवार रिसोडकडे देऊ," म्हणत साहेब उकंडरावांच्या ओट्यावर चहाला गेले.

तिने कडी काढली. विझलेल्या चुलीपाशी पोरं कुरकुरत होती. भागिरथा मात्र तशीच, तळवा तोंडावर दाबून. डोळे हसत होते.

"माय, म्या आवाजच नाई केला," ती बोटांआडून पुटपुटली.

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं प्रयागबाईला झालं. तिने लेकीला कडेवर घेतलं, सवयीने तिच्या पायांवर पदर ओढला. मग तो काढून घेतला आणि भर गल्लीतून सरपंचांच्या ओट्याकडे निघाली.

"हिले काहून आणली वं इकडे?" उकंडराव उठलेच.

तिने भागिरथाला ओट्याच्या पायरीवर बसवलं. साहेब वाकले. "नाव काय तुझं?"

भागिरथाने लगबगीने हात तोंडावर ठेवला आणि आईकडे पाहिलं.

"बोलताही येत नाही का हिला?"

प्रयागबाईची मान खाली गेली. "येते जी. म्याच चूप बसवली. अजून तिघं हायेत तिकडं. म्याच कोंडले."

उकंडराव बशीतल्या चहाकडे पाहत राहिले. प्रयागबाई खाली बसली आणि लेकीच्या तोंडावरचं एकेक बोट सोडवू लागली. पोरीने ती इतकी घट्ट धरली होती, की लवकर सुटेनात.